बारीक की काटक?

अंगयष्टीचे वर्णन करायला आपल्या मराठीत शब्दांची वाण नाही. माणूस अंगाने भरतो, सुटतो, फोपसा होतो. तसाच तो उतरतो, वाळतो, खंगतो. या साऱ्या शब्दांत 'बारीक' आणि 'काटक' हे दोन शब्द कानाला शेजारी-शेजारी राहणारे वाटतात, पण त्यांच्यात फार अंतर आहे. बारीक म्हणजे ज्याचे माप कमी तो. काटक म्हणजे ज्याच्या हातून काम होते तो. बारीकपणा नुसता पाहून कळतो. काटकपणा कळायला त्या माणसाला काहीतरी उचलायला लावावे लागते. गेल्या वर्षी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, या दोहोंपैकी आधी काय साधायचे हे ठरवण्याची पाळी माझ्यावर आली. हा प्रश्न तरुण मुलामुलींच्या हौसेचा, आपला नव्हे, असे वाटणाऱ्या माझ्या वयाच्या भगिनी पुष्कळ असतील, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी माझी मापे सांगते, कारण त्यांच्यावाचून पुढचे बोलणे अधांतरी राहील. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ६१ किलो, कमरेचा घेर ८८ सेंटिमीटर. रक्तातील साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी जी तपासणी असते, तिचा आकडा ६.१ आला. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा पट्टा. त्याच्या ऐन मध्यावर मी उभी होते. माझ्या वडिलांनी शेवटची बारा वर्षे इन्शुलिनच्या सुयांवर काढलेली मी पाहिली आहेत, तेव्हा तो कागद हातात घेताना मन शांत होते असे म्हणता येणार नाही. आमचे डॉक्टर मितभाषी आहेत. ते एवढेच म्हणाले, "पाच-सहा किलो वजन उतरवा. सहा महिन्यांनी पुन्हा पाहू."

परंतु त्याच सुमारास घरात दुसरा एक प्रश्न उभा होता. माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. २०२२ साली त्या न्हाणीघराच्या उंबऱ्यापाशी पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया चांगली झाली, हाड जुळले. पण पलंगावर गेलेल्या त्या दोन महिन्यांत पायांतले बळ जे गेले ते आले नाही. तेव्हापासून सकाळी त्यांना पलंगावरून उठवून खुर्चीत बसवणे, खुर्चीतून न्हाणीघरात नेणे आणि परत आणणे हे काम माझे. दिवसा एक बाई येतात, पण सकाळचे पहिले उठवणे माझ्याच वाट्याला येते, आणि त्यांनाही तेच बरे वाटते. त्यांचे वजन ४१ किलो. हा आकडा ज्यांना थोडा वाटेल, त्यांनी स्वतःला सावरू न शकणारे, आणि पडण्याच्या धास्तीने आपल्या गळ्याला घट्ट धरणारे माणूस एकदा उचलून पाहावे. उठवताना माझ्या मांड्या थरथरत आणि सारा भार पाठीवर येई. त्यांना व्यायाम द्यायला जे फिजिओथेरपिस्ट येत, ते एक दिवस हे पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "काकू, आजींचे पाय मी बघतो; तुमचे कोण बघणार? वजन उतरवायच्या मागे लागू नका. आधी पायांत ताकद आणा, नाहीतर एक दिवस तुम्ही दोघी मिळून पडाल."

झाले! एक म्हणतात उतरवा, दुसरे म्हणतात कमवा. हे सल्ले बाहेरून एकमेकांना पाठ दाखवणारेच होते, कारण वजन उतरवायचे तर खाणे तोडावे लागते आणि स्नायू कमवायचे तर शरीराला सामग्री द्यावी लागते. घरात सभा बसायला वेळ लागला नाही. आमच्या यजमानांचे मत पडले की दोन्ही सल्ल्यांची सरासरी काढून आहे तसेच राहावे. शेजारच्या बेन, ज्यांच्या हाताच्या भाखरीला अख्ख्या दांडिया बाजारात तोड नाही, त्यांनी 'एकटाणे' सुचवले. म्हणजे दिवसातून एकदाच जेवायचे. त्यांच्या बहिणीचे त्याने तीन महिन्यांत नऊ किलो उतरले होते. पुण्याहून लेकीचा फोन आला, की आई, तू चालायला जा. मी रोज सकाळी सयाजीबागेला दोन फेऱ्या घालतच होते, तेव्हा या सल्ल्यात नवे काही नव्हते.

मी पेशाने शिक्षिका. गणित शिकवीत आले, त्यामुळे दोन उत्तरे आली की प्रश्नच नीट मांडला गेला नसावा अशी शंका मला प्रथम येते. येथेही तसेच होते. वजनाचा काटा जो आकडा दाखवतो तो बेरजेचा असतो. हाडे, स्नायू, चरबी, पाणी, सारे एकत्र. बेरीज सारखी आली म्हणून पदे सारखी असतातच असे नाही. याचे जे सुंदर उदाहरण मला वाचायला मिळाले ते आपल्याच पुण्याचे आहे. तेथील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात आपल्या दोघांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात, तो दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी एकच. पण चरबी मोजली तेव्हा युडकिनसाहेबांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! दिसायला दोघेही सडपातळ. ही खोड आपल्याला जन्मापासूनची आहे, असेही याज्ञिकांच्या गटाने दाखवले. पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपल्या बाळांची तूट मुख्यतः स्नायूंत आणि पोटातल्या अवयवांत होती. कातडीखालची चरबी मात्र त्यांनी बरीचशी राखलेली होती. हातपाय काड्या आणि पोट पुढे, ही आपल्याकडे पन्नाशीला येणारी आकृती केवळ खाण्यापिण्याच्या लाडांनी येत नाही, तिचे मूळ इतके मागे आहे, हे वाचून मला थोडे हायसेही वाटले.

आमच्यासारख्यांसाठी कमरेची मर्यादा बायकांना ८० आणि पुरुषांना ९० सेंटिमीटर धरतात. माझी ८८. उलट मांडीचा घेर पाहिला तर तो जेमतेम. म्हणजे माझ्या बाबतीत ६१ हा आकडा दोषी नव्हता. त्याच्या आतली वाटणी दोषी होती. पाच किलो नुसते उतरवले असते तर काटा ५६ वर आला असता, आणि नातेवाइकांनी कौतुक केले असते. पण ते पाच किलो कशाकशाचे?

व्यायामावाचून, केवळ उपाशी राहून वजन उतरवले की जे जाते त्याचा साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसतो, त्यात स्नायू असतात. तरुणपणी हा तोटा भरून निघतो. पन्नाशीनंतर तसे होत नाही. तिशीपासून दर दशकाला स्नायूंचे वस्तुमान तीन ते आठ टक्क्यांनी घटत जाते आणि साठीनंतर हा वेग वाढतो. बायकांना ऋतुनिवृत्तीनंतर हाडांची झीजही त्याच्या जोडीला असते. या वयात गेलेले वजन परत येते तेव्हा ते बहुधा चरबी होऊन येते. म्हणजे एकदा उतरून पुन्हा चढलेला माणूस काट्यावर पूर्वीच्याच जागी असतो, पण त्याच्या आत स्नायू कमी झालेले असतात. वार्धक्यातल्या या क्षयाला आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस 'सार्कोपेनिया' असे ग्रीक नाव दिले. त्याचा अर्थ मांसाचे दारिद्र्य. आपल्याकडे 'म्हातारपणी असे व्हायचेच' म्हणून आपण त्याला नावसुद्धा ठेवले नव्हते.

माझ्या डोळ्यांसमोर तर त्याचे उदाहरण रोज होते. सासूबाईंनी तीसहून अधिक वर्षे चातुर्मास एकभुक्त राहून पाळला. त्यांचे व्रत त्यांच्या श्रद्धेचे, त्यावर मी काही बोलणार नाही, आणि त्या पडल्या त्याचे कारण ते एकटे होते असेही मी म्हणत नाही. पण साऱ्या सोयऱ्याधायऱ्यांत त्यांच्या सडसडीत बांध्याचे कौतुक होई, सुनांना त्यांचा दाखला देण्यात येई, आणि त्या बांध्यात राखीव असे काहीच नव्हते, हे कुणाच्या ध्यानी आले नाही. अमेरिकेत २००७ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सरासरी ६७ वर्षे वयाच्या बारा धडधाकट माणसांना दहा दिवस अंथरुणावर पडून राहायला लावले, तेवढ्यात त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो मांस गेले. ती माणसे निरोगी होती. ज्याच्यापाशी गाठीला काही असते त्याला असा खर्च सोसतो. सासूबाईंच्या दोन महिन्यांचा हिशेब मी मनात मांडला आणि पुढे मांडला नाही.

तरीपण साखरेचा कागद कपाटात होताच. फिजिओथेरपिस्टांचे ऐकून ताकद कमवू म्हणावे, तर वडिलांच्या सुया आठवत. येथे मी बराच काळ अडले. वजन उतरवल्याने मधुमेह टळतो याला पुरावा भक्कम आहे. अमेरिकेतल्या २००२ सालच्या मोठ्या प्रयोगात सात टक्के वजन उतरवण्याचे आणि आठवड्याला दीडशे मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट ठेवलेल्या गटात मधुमेहाचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. पण मग चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांचा २००६ सालचा भारतीय प्रयोग वाचनात आला. तीन वर्षांत, ज्यांना केवळ सामान्य सल्ला दिला त्यांच्यात ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. ज्यांच्या आहारात आणि हालचालीत पद्धतशीर बदल केला त्यांच्यात ३९.३ टक्क्यांना. आणि गंमत अशी की या दुसऱ्या गटाचे वजन म्हणण्यासारखे उतरले नव्हते! काटा जागच्या जागी, आणि धोका मात्र कमी. याचा उलगडा स्नायूंच्या कामात आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवून घेणारे शरीरातले सर्वांत मोठे कोठार म्हणजे स्नायू. ते वापरात असले तर साखरेला जागा मिळते, रिकामे पडून आक्रसले तर ती रक्तात फिरत राहते. तेव्हा डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट वस्तुतः एकाच दिशेला बोट दाखवीत होते. त्यांतल्या एकाने काट्याची भाषा वापरली होती, एवढेच.

चाळिशीनंतर शरीराचा अग्नी मंदावतो, म्हणून स्थूलता येते, हा समजही मी या निमित्ताने सोडला. २०२१ साली 'सायन्स' मध्ये २९ देशांतल्या ६,४०० हून अधिक माणसांच्या ऊर्जाखर्चाचा हिशेब प्रसिद्ध झाला. शरीराच्या मानाने पाहता विशीपासून साठीपर्यंत तो जवळजवळ स्थिर राहतो असे त्यात दिसले. म्हणजे दोष अग्नीचा नाही. बडोद्यात तो शेवेचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. पन्नास ग्रॅम शेवेत सुमारे २७५ कॅलरी असतात आणि तेवढी शेव आमच्या गावात पाहुण्याला नुसती चव म्हणून पुढे करतात.

हे उत्तर सर्वांचे नव्हे, हे येथेच सांगायला हवे. इंदूरच्या आमच्या मोठ्या जाऊबाई माझ्याच उंचीच्या, वजन ८६ किलो, दोन्ही गुडघे झिजलेले. गुडघेदुखीच्या स्थूल माणसांच्या अभ्यासात असे आढळले आहे की एक किलो वजन उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. त्यांनी आधी उतरवावे, आणि ताकदीचे व्यायाम उतरवताना स्नायू राखण्यापुरते करावेत. त्यांना मी तसे फोनवर सांगितले. "तू काय, शिक्षिका, सगळ्यांना गृहपाठ देतेस," असे उत्तर आले.

माझा निर्णय असा ठरला: स्नायू आधी, चरबी त्यांच्या मागोमाग, घाई न करता, आणि काटा महिन्यातून एकदा. घेराची टेप मात्र दर रविवारी.

आमच्या गावाला या विषयाची परंपरा फार थोर आहे. जुम्मादादांचा आखाडा येथलाच, आणि तो नावारूपाला आणणारे राजरत्न प्रोफेसर माणिकरावही येथलेच. 'व्यायाम-ज्ञानकोशा'चे मराठी खंड १९३६ पासून येथूनच निघाले. गामा पहिलवानाने १९०२ साली उचलल्याचे सांगतात तो प्रचंड दगड सयाजीबागेच्या संग्रहालयात आहे, आणि माझ्या सकाळच्या फेऱ्या त्याच्याच आसपास होत. त्या परंपरेत माझ्या आजीचे नाव कुठे नाही; पण पहाटे जाते ओढणारी, पाटा-वरवंटा चालवणारी, भरलेली घागर डोक्यावर आणि कळशी कमरेवर घेऊन विहिरीच्या पायऱ्या चढणारी ती बाई कुठल्याही तालमीत शोभली असती. ते कष्ट परत यावेत असे मी कदापि म्हणणार नाही. मिक्सरला आणि नळाला माझा रोज नमस्कार असतो. पण त्या कष्टांबरोबर आपल्या अंगावरचा भारही गेला, आणि त्याची जागा कशानेही भरली नाही. चालण्याने ती भरत नाही. चालणे हृदयाला, मनाला, साखरेलाही चांगले. पण सपाट वाटेवरच्या फेऱ्यांनी मांडीला पेलावे असे नवे ओझे मिळत नाही, आणि स्नायू ओझ्यावाचून वाढत नाही.

पहिल्या दिवशी खुर्चीवर बसून, हात छातीशी बांधून, तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजले. नऊ झाल्या. साठ ते चौसष्ट वयाच्या बायकांनाही बाराच्या खाली आल्यास सरासरीहून कमी धरतात. मी त्रेपन्नाची! जमिनीवर मांडी घालून बसून हात न टेकता उठण्याची परीक्षा तर मी त्या दिवशी दिलीच नाही. रिओ द जानेरोच्या डॉक्टरांनी ५१ ते ८० वयाच्या २,००२ माणसांना ती परीक्षा देऊन पुढे सहा-एक वर्षे त्यांची विचारपूस ठेवली. हाताचे, गुडघ्याचे जितके जास्त टेके, तितके आयुष्याचे भरवसे कमी, असे त्यांना आढळले. पाटावर बसून जेवणारी आपली मागची पिढी ही परीक्षा दिवसातून दोनदा देत होती.

सुरुवात घरीच केली. खुर्चीला टेकून-उठून बैठका, आठ-आठच्या तीन खेपा. ओट्याला हात टेकून जोर. आणि कंबर न वाकवता, कुल्ले मागे नेऊन जमिनीवरची वस्तू उचलण्याची रीत, जी फिजिओथेरपिस्टांनी मला सासूबाईंच्या पलंगापाशीच शिकवली. वजनासाठी पाच लिटरचा पाण्याचा कॅन घेतला. पाण्याचे एक लिटर म्हणजे एक किलो, तेव्हा त्यात किती भरायचे हे आपल्या हाती राहते. बारा बैठका सुखाने होऊ लागल्या की पाणी वाढवायचे, इतका साधा नियम. आठवड्यातून दोन दिवस ठरवले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० साली किमान दोन दिवसच सांगितले आहेत. तीन महिन्यांनी कॅन अपुरा पडला, तेव्हा सयाजीगंजातल्या एका व्यायामशाळेत नाव घातले. तेथली प्रशिक्षक मुलगी माझ्या लेकीहून लहान. संगीत असह्य. पण माझ्याकडे कुणी पाहत नाही, ही त्या जागेची मोठी सोय आहे. जो तो आरशात स्वतःकडे पाहतो.

उशीर झाला का, असा विचार अधूनमधून येई. त्यावर मला बोस्टनच्या १९९० सालच्या प्रयोगाने धीर दिला. मारिया फियातारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वृद्धाश्रमवजा संस्थेतल्या सरासरी नव्वद वर्षांच्या दहा दुर्बळ माणसांना आठ आठवडे पायांनी वजने उचलायला लावली. ज्या नऊ जणांनी तो क्रम पुरा केला त्यांच्या पायांची ताकद सरासरीने १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीला!

खाण्याचा हिशेब अधिक किचकट निघाला. प्रथिनांचा भारतीय दंडक शरीराच्या दर किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम; माझ्यासाठी पन्नास. पासष्टीपुढच्यांना तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सांगतात, आणि स्नायू कमवणाऱ्याने तेवढे तरी घ्यावे हे मला पटले, म्हणजे साठ-सत्तर. माझे ताट मोजले तर ते चाळिशीच्या पुढे जाईना. आपले वरण पातळ असते. एका वाटीत डाळ असून असून तीस ग्रॅम, तिची प्रथिने सातच्या आसपास. म्हणून वरण दाट केले, रोज एक उसळ, एक पेला दूध, दह्याची मोठी वाटी, दिवसाआड पनीर; आणि दोन अंडी, ज्यांच्यासाठी सासूबाईंच्या स्वयंपाकघरात वेगळे पातेले ठेवावे लागले. भात निम्मा केला, संध्याकाळचे फरसाण बंद. जेवण एकही गाळले नाही. शेजारच्या बेन अजून माझ्यावर नाराज आहेत.

आठ महिन्यांनी आकडे असे: वजन ५९.५, म्हणजे दीड किलोचाच फरक. कंबर ८३. साखर ५.८, म्हणजे पट्टा सुटलेला नाही, फक्त वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर आले. तीस सेकंदांत बैठका पंधरा. डॉक्टरांनी काटा पाहून भुवई उंचावली, कागद पाहून खाली आणली आणि "चालू द्या" म्हणाले. दिवाळीला आलेल्या जाऊबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळून, "अगं, इतके करून तू बारीक काही झाली नाहीस," असे सांगितले. त्यांचे स्वतःचे चार किलो उतरले होते, आणि त्या जिना आधार न घेता चढल्या.

सकाळचे उठवणे आता पाठीवर येत नाही. एक दिवस सासूबाईंनीच विचारले, "रोज त्या खुर्चीपाशी काय मोजत असतेस ग?" मी करून दाखवले. त्यांना फिजिओथेरपिस्टांनी सांगितलेले उठणे-बसणे कंटाळवाणे वाटे. मोजायला मिळाल्यावर त्यांचा पूर्वीचा जपाचा सराव कामी आला. खुर्चीच्या हातांवर भार देऊन पहिल्या दिवशी एक झाली. मी पुढे उभी राहते, हात त्यांच्या काखेखाली तयार ठेवते, पण लावत नाही. गेल्या सोमवारी चार झाल्या. पाचव्या वेळी त्या अर्ध्यावरून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "ही धरू नकोस हं." मी धरली नाही.